विहिरीवरची चाल

नाक्यावर लावलेल्या फ्लेक्सवर जसिंतामावशीच्या हातात गुलाबांचा गुच्छ आहे. तो फोटो मी काढलेला. तिच्या पडवीत, माझ्याच मोबाइलवर. त्यात तिच्या हातात ट्रम्पेट होता. कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून तो पुसला आणि त्या जागी गुलाब चिकटवले. बोटं मात्र तशीच राहिली आहेत, ट्रम्पेटच्या खुंट्यांवर दाबलेली. त्यामुळे गुच्छाचा गळा आवळल्यासारखा दिसतो. खाली लिहिलंय, ‘वसईची गानकोकिळा, आदर्श माता, भावपूर्ण श्रद्धांजली’. ही बाई आयुष्यात कधी गायली नाही, तिचा आवाज फुटक्या पत्र्यासारखा होता. आणि तिला मूलबाळ नव्हतं. त्याखाली गावच्या कमिटीतल्या सगळ्यांचे हसरे फोटो आहेत.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं आमच्या कोकणात म्हणतात. इथे दूध तर वाढवलंच, वर म्हैसही बदलली. म्हणून लिहायला बसले. मला राग आलाय आणि तो जाईल असं वाटत नाही.

आम्ही वसईत उमेळ्याला फ्लॅट घेतला तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. बिल्डिंगच्या भिंतीला लागून मावशीची छोटी वाडी, तिच्यात मोगरा, अबोली, चार केळी आणि कौलारू बैठं घर. सकाळी फुलं तोडून, माळणीला देऊन झाली की मावशी मागच्या दारी स्टुलावर बसायची आणि ट्रम्पेट तोंडाला लावायची. लाल चौकड्यांचं लुगडं, पायांत रबरी चपला, गाल फुग्यासारखे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता थांबले. असं दृश्य मी कधी बघितलं नव्हतं.

आमच्या सोसायटीने काय केलं? तक्रार. नवीन बिल्डिंग, नवीन सेक्रेटरी, हातात नवा अधिकार. मलाही सोबत नेलं, बाईमाणूस बरोबर असलेलं बरं म्हणून. सेक्रेटरी म्हणाले, “मावशी, सकाळी लोकांना त्रास होतो. आवाजाचे काही नियम असतात.”

मावशीने ट्रम्पेट मांडीवर ठेवला, फडक्याने तोंड पुसलं. “तुमच्या बिल्डिंगचे खांब जमिनीत ठोकत होते, तेव्हा या पावसाळ्यापासून त्या पावसाळ्यापर्यंत माझी भांडी फळीवरून खाली पडत होती. मी आले होते का तुमच्याकडे?”

“तेव्हा आम्ही राहत नव्हतो इथे.”

“मी राहत होते ना.”

मंडळ परत फिरलं. मी मागे रेंगाळले. मावशी म्हणाली, “तू का थांबलीस, बाय? तुला पण त्रास होतो?” मी म्हटलं, नाही, तुम्ही काय वाजवत होता ते विचारायचंय. तेव्हा ती हसली. “ही विहिरीवरची चाल. आमची बोली तुला कळायची नाही, म्हणून तुझ्याशी पुस्तकातलं बोलते. पण वाजवलेलं कळेल.”

ही विहिरीवरची चाल काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. मावशीच्या समाजात, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती घरांमध्ये, लग्नाच्या आदल्या दिवशी बायका कळशा घेऊन विहिरीवर जातात आणि वाजतगाजत पाणी आणतात. त्या वेळी बँड एक ठरावीक चाल वाजवतो. उड्या मारणारी, खोडकर चाल आहे. ती ऐकली की म्हाताऱ्या बायकांचेसुद्धा पाय उचलतात. ती उत्तम वाजवायचा मावशीचा नवरा. बँड त्याचाच होता. त्याने बायकोला ट्रम्पेट शिकवला तो स्वयंपाकघरात, दार लावून. शेजाऱ्यांना वाटायचं, तोच वाजवतोय. सुरांची वाहवा त्याची आणि करपलेल्या भाताची बोलणी हिला.

नवरा अचानक गेला. चर्चमध्ये महिन्याची मिस्सा, म्हणजे त्याच्यासाठीची प्रार्थना झाली, पाहुणे जेवून गेले, आणि त्या आठवड्यात एका लग्नाची सुपारी आधीच घेतलेली होती. बँडमधली माणसं हवालदिल. मावशीने नवऱ्याची टोपी लुगड्याच्या पदरावरून डोक्यावर चढवली आणि निघाली. लोक काय काय बोलले ते मला अंतोनकाकांनी सांगितलं. अंतोनकाका म्हणजे तिच्या बँडचे मोठ्या ड्रमवाले, तिच्याच आळीतले, मितभाषी माणूस. बाईमाणसाने गाल फुगवायचे म्हणजे काय, नवऱ्याची माती अजून ओली आहे, वगैरे. मावशीचं एकच उत्तर असायचं, “फुंकायला नवरा लागत नाही. फुप्फुसं लागतात.”

पण खरा भडका उडाला तो एका लग्नात, विहिरीवर. हा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा. निर्मळच्या बाजूला एका वाडीत लग्न होतं आणि मावशीने मला “बघायला चल” म्हणून नेलं होतं. विहिरीपाशी कळशा भरल्या, बायका ओळीत उभ्या राहिल्या, बँड पुढे झाला. एवढ्यात नवऱ्यामुलाची आत्या, सिसिलियाबाई, पुढे आल्या. हिरव्या साडीतल्या, ठसठशीत, घरात ज्यांचा शब्द चालतो अशा. त्या म्हणाल्या, “जसिंता, वाजव तू. पण मागे राहा. नवरा नसलेल्या बाईने पाण्याच्या पुढे चालू नये, ही आपली पद्धत आहे.”

मावशीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग विहिरीत डोकावून पाहिलं. “या विहिरीला नवरा आहे का गो?”

कुणीतरी खुसकन हसलं. सिसिलियाबाईंचा चेहरा लाल झाला. “उगाच वाद नको. मागे राहायचं तर राहा, नाहीतर आमच्याकडे स्पीकर आहे.”

“मग स्पीकरला पुढे घ्या,” मावशी म्हणाली आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली. बँडही तिच्या बाजूला बसला. अंतोनकाकांनी खिशातून चणे काढले.

एका पोराच्या हातात स्पीकर देऊन वरात निघाली. तो स्पीकर आदल्या दिवसापासून वाजत होता. आळीच्या मधोमध आल्यावर त्याने एक आचका दिला आणि तो बंद पडला. आता आली का पंचाईत! पाणी वाटेत थांबवायचं नाही, ही पद्धत. आणि वाजल्याशिवाय न्यायचं नाही, हीपण पद्धत. वाजत नसलेलं पाणी मयताच्या घरी नेतात. डोक्यावर भरलेल्या कळशा घेऊन त्या बायका मुक्यानेच चालू लागल्या, लग्नघरी, मयताला निघाल्यासारख्या. अपशकुन टाळायला गेल्या आणि त्याहून मोठा अपशकुन डोक्यावर घेऊन निघाल्या. शेवटी लग्नघरची एक बाई रडकुंडीला येऊन धावत विहिरीवर परत आली. मावशीने चणे संपवले, हात झटकले आणि उठली. चालत गेली, सगळ्या कळशांना मागे टाकून पार पुढे जाऊन उभी राहिली आणि मग वाजवायला लागली. सिसिलियाबाईंनी पुढे बरीच वर्षं तिच्याशी अबोला धरला.

याला लोक हट्ट म्हणायचे. मला आजही कळत नाही, हट्ट कुणाचा होता. जी पुढे चालत होती तिचा, की जे तिला मागे ढकलत होते त्यांचा?

मयतालाही मावशीचा बँड जायचा. तिथे तिची एक रीत होती. घरच्यांना बाजूला घेऊन विचारायची, याला आनंदाचं काय आवडायचं? देवाची गाणी सगळी वाजवून झाली की अगदी शेवटी, दफनभूमीच्या फाटकाशी, ती मेलेल्या माणसाच्या आवडीची एक चाल वाजवायची. “रडायला तुम्ही आहातच,” ती म्हणायची. “हा माणूस काय जन्मभर रडतच होता का?”

ही रीत इतकी गाजली की एकदा अर्नाळ्याहून एक कोळी माणूस तिच्या पडवीत येऊन बसला. त्याचा बाप, बोटीवरचा नाखवा, सकाळीच गेला होता. “मावशी, आमी तुमच्या धर्माचे नाय. पन बाबांना रडगानं आवडायचं नाय. बोट पान्यात ढकलताना जे वाजवतात तेच वाजवा. याल ना तुमी?” मावशीने तिथल्या तिथे टोपी घातली, आणि मीही बँडबरोबर निघाले. कोळ्याच्या मयताला ख्रिस्ती बाई बँड घेऊन गेली म्हणून इकडच्यांनी नाकं मुरडली, आणि बाईने वाजवलं म्हणून तिकडच्या काहींनी. दोन्हीकडची नाकं मुरडलेली पाहून मावशी म्हणाली, “बघ, या बाबतीत सगळे धर्म एक.”

त्या रात्री परत येताना तिने अंतोनकाकांना आणि मला सांगून ठेवलं, “मला नेताना विहिरीवरची चाल वाजवा. घरापासून. फाटकापर्यंत वाट बघू नका.” काका म्हणाले, “आणि ट्रम्पेट कोण वाजवणार?” तिच्याकडे दोघं-तिघं शिकून गेले होते, एक आता परदेशात होता, एक कीबोर्डकडे वळला होता. मावशी म्हणाली, “तुम्ही तुमचं वाजवा. बाकीचं होईल.”

आता कमिटीबद्दल. गावाच्या सणाच्या मिरवणुकीत बँड लावायचा की नाही, कुणाचा लावायचा, हे ठरवणारी एक कमिटी आहे. अध्यक्ष बदलतात, भाषा बदलत नाही. त्या कमिटीने मावशीला मिरवणुकीतून बाहेर काढलं. कारण काय, तर लुगड्यावर टोपी शोभत नाही, मिरवणुकीला शिस्त हवी. तिने विचारलं, पँट घालू का? तर तेही चालेना. थोडक्यात, बाई चालेना. पण तसं म्हणायची छाती नव्हती, म्हणून लुगड्यावर ढकललं.

आणि मग, तिला बाहेर काढून झाल्यावर, तिचा सत्कार केला! ‘आपला सांस्कृतिक वारसा’ म्हणून. शाल, नारळ, हार. स्टेजवर अध्यक्षांनी तिच्याबद्दल गोड गोड भाषण केलं. मावशी ट्रम्पेट घेऊनच गेली होती. माइकसमोर येऊन म्हणाली, “शाल दिलीत, बरं केलंत. आता दोन मिनिटं वाजवते.” अध्यक्ष हसत हसत म्हणाले, “मावशी, वेळ झालाय, डीजे खोळंबलाय.” मावशी स्टेजवरून उतरली. घरी आली आणि ती शाल तिने अंतोनकाकांच्या मोठ्या ड्रमवर घातली. अशा तिच्याकडे बऱ्याच शाली जमल्या. बँडचं सगळं सामान शालींमध्ये गुंडाळलेलं असायचं. “वाजवायला बोलवत नाहीत, पांघरायला बोलवतात,” म्हणायची.

कुणाला वाटेल ही बाई सदा भांडायला उभी. नव्हती. माझ्या मुलीला ताप आला की कुंपणावरून पेज यायची. मोगऱ्याचा गजरा न सांगता गॅलरीच्या दोरीला बांधलेला असायचा. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तिथली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, ती रोज सकाळी जायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. मी एकदा विचारलं, इतकं सगळं झाल्यावरही जाता? तिने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. “कमिटीने मला मिरवणुकीतून काढलं, बाय. देवाने कुठे काढलं?”

शेवटी दम्याने गाठलं. ज्या छातीवर तिचा एवढा विश्वास होता, तीच. डॉक्टरांनी वाजवणं बंद केलं. मी भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर पडून होती, नाकाला ऑक्सिजनची नळी, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलीय. पण उजव्या हाताची तीन बोटं चादरीवर वरखाली होत होती. पहिलं, तिसरं, पहिलं दुसरं. मी ओळखलं कुठली चाल ते. ती संपेपर्यंत मी उभी राहिले. मग डोळे न उघडता तिने विचारलं, “कसं झालं?” मी म्हटलं, छान झालं. “खोटं बोलतेस. मध्ये श्वास कमी पडला.”

त्यानंतर चार दिवसांत ती गेली.

सकाळी तिच्या पडवीत कमिटी हजर. जिला जिवंतपणी रस्त्यावर चालू दिलं नाही, तिची अंत्ययात्रा कशी काढायची हे ठरवायला. अध्यक्ष म्हणाले, मावशींसारख्या थोर कलावंताला शांततेत निरोप द्यायचा. बँड वाजणार नाही. बँडवाल्यांनी गणवेशात मानवंदनेला उभं राहावं. गाडीवर स्पीकर लावून भक्तिगीतं हळू आवाजात.

मी म्हटलं, “तिने सांगून ठेवलंय. विहिरीवरची चाल वाजवायची.”

“ताई, ती लग्नाची चाल आहे. मयताला?”

“तिची इच्छा होती. अंतोनकाकांनी पण ऐकलंय.”

अध्यक्षांनी आवाज अगदी मऊ केला. “ताई, तुम्ही बाहेरच्या. तुमच्या भावना समजतात. पण आमच्या काही पद्धती आहेत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले आणि मी बाहेरची! मावशी तर इथेच जन्मली, इथेच मेली, तिला कुठे आत घेतलंत? मी हे बोलले. मोठ्याने बोलले. फादर तरुण होते, बिचारे मध्ये पडले, “घरापासून देवळापर्यंतचा रस्ता घरच्यांचा असतो. घरच्यांना विचारा.” घरचं म्हणजे एक पुतण्या, परदेशात. त्याला फोन लावला. तो म्हणाला, कमिटी म्हणेल तसं. झालं.

पडवीच्या कोपऱ्यात म्हाताऱ्या बायका जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यात सिसिलियाबाई होत्या. ठसठशीतपणा ओसरलेला, अंगावर पांढरट साडी. त्यांचे यजमान गेल्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांनी सगळं ऐकलं. जपमाळेवरून बोट पुढे सरकत राहिलं. मला त्यांचाही राग आला.

यात्रा निघाली. पुढे गाडी, गाडीत पेटी, छपरावर स्पीकर. मागे पुरुष, त्यांच्या मागे बायका, आणि सगळ्यांच्या मागे गणवेशातला बँड. अंतोनकाकांनी पोटावर ड्रम बांधला होता, त्यावरची शाल न काढता. विहिरीकडे जाणाऱ्या आळीचं वळण आलं. तिथे काका थांबले. त्यांनी शाल ओढून खांद्यावर टाकली आणि टोला हाणला. धम्. धम् धम्. बाजूच्या पास्कलने ट्रॉम्बोन उचलला. तो बिचारा आयुष्यभर मावशीच्या मागे आधाराचे दोन सूर धरणारा, मुखडा त्याने कधी वाजवलाच नव्हता. त्याने तेच दोन सूर धरले. छोटा ड्रम मिसळला.

चाल सुरू झाली, पण चालीत चालच नव्हती. मावशीची जागा रिकामी. नुसता ठेका आणि आधार, उड्या मारणारा सूर कुठेच नाही. ऐकवत नव्हतं. गाडीच्या ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, हात बाहेर काढून स्पीकर बंद केला. पुढचे पुरुष कावरेबावरे झाले. अध्यक्षांनी टोपी काढून छातीशी धरली.

मग तो रिकामा सूर कुणीतरी उचलला. शब्दांशिवाय, नुसता तोंडाने, थरथरत्या म्हाताऱ्या आवाजात. मी वळून पाहिलं. सिसिलियाबाई. मग शेजारच्या दोघी. मग सगळ्याच. लहानपणापासून कळशा डोक्यावर घेऊन ऐकलेली चाल, त्यांना शिकवायची गरज नव्हती.

अध्यक्ष माझ्या जवळ सरकले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं का बोला. हळूच म्हणाले, “बघा ताई, किती गंभीर वातावरण. हे कुठलं भक्तिगीत हो?” जन्म याच गावात गेला या माणसाचा. बायकांच्या ओळीत काय वाजतं ते त्याने कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. आणि हा पद्धती सांगत होता!

संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर कमिटीचा मेसेज आला, ‘गानकोकिळेला अत्यंत शांततेत अखेरचा निरोप’. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. फ्लेक्स अजून नाक्यावर आहे. येताजाता तो गळा आवळलेला गुच्छ दिसतो.

म्हणून जे झालं ते इथे लिहून ठेवते. शांततेत काही झालं नाही. आळीच्या वळणावर सिसिलियाबाईंनी जपमाळ मनगटाला गुंडाळली, पदर खोचला आणि बायकांच्या ओळीतून बाहेर पडल्या. पुरुषांना ओलांडलं. कुणीतरी “अहो, मागे, मागे” म्हणालं, ते त्यांनी ऐकलं नाही. गाडीलाही मागे टाकून त्या पार पुढे गेल्या आणि देवळापर्यंत पहिल्या चालत राहिल्या.